पॉलिप काढायला सांगितलंय? फोनवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी विभागात, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं जठर-आतडं आतून तपासतात तिथं, मी सिस्टर आहे. तपासणीच्या आदल्या दिवशीचे फोन माझ्याकडे येतात. सांगली, तासगाव, जत, कवठेमहांकाळ, पार साताऱ्यापासूनचे. माणसं वेगळी, प्रश्न तेच. म्हणून एकदा लिहून काढले. गोळ्या कुठल्या थांबवायच्या, किती थांबवायच्या हे शेवटी तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, हे आधीच सांगून ठेवते.

पॉलिप म्हणजे काय? गाठच ना?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतून एक ओलसर गुलाबी अस्तर असतं. त्या अस्तरावर कुठंतरी पेशी जरा जास्त वाढतात आणि मांसल उंचवटा तयार होतो, तो पॉलिप. काहींना देठ असतो, अगदी अळंबीसारखा. काही बसके, पसरट असतात आणि तेच शोधायला अवघड. बहुतेक मोठ्या आतड्यात सापडतात, थोडे जठरात, लहान आतड्यात क्वचित.

आपल्याकडे घोटाळा होतो तो शब्दांचा. ‘कोंब आलाय’ म्हणून पेशंट सांगतो तेव्हा त्याला मूळव्याध म्हणायची असते. डॉक्टर ‘आत कोंबासारखं काहीतरी आहे’ म्हणतात तेव्हा तो पॉलिप असतो. आणि ‘गाठ’ म्हटलं की नातेवाइकांना पुढचं काही ऐकूच येत नाही. म्हणून मी सरळ पॉलिप म्हणते, तुम्हीही तेच म्हणा.

म्हणजे कॅन्सर आहे का?

बहुधा नाही. पॉलिप स्वतः सहसा कॅन्सर नसतो. पण मोठ्या आतड्यातले बहुतेक कॅन्सर सुरू होतात ते पॉलिपपासून, म्हणून काढायचा. सगळेच पॉलिप त्या वाटेनं जात नाहीत. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातले बारीक हायपरप्लास्टिक पॉलिप जवळजवळ निरुपद्रवी असतात. लक्ष द्यावं लागतं ते अॅडिनोमा जातीच्या पॉलिपकडे आणि दातेरी रचनेच्या बसक्या पॉलिपकडे. त्यातलेही बरेचसे आयुष्यभर तसेच राहतात. जे बिघडतात त्यांना साधारण दहा वर्षं तरी लागतात. एवढा वेळ हाताशी असताना पॉलिप आतच ठेवून रोज काळजी करत बसायचं कशाला?

अमेरिकेत मोठ्या संख्येनं रुग्णांचे पॉलिप काढून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी भरलं. आमचे सर हा आकडा प्रत्येक नव्या शिकाऊ डॉक्टरला ऐकवतात, त्यामुळं मलाही पाठ झालाय.

रक्त पडतंय ते मूळव्याधीचंच असणार. मग कॅमेरा कशाला घालायचा?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

आपल्या भागात एसटी स्टँडवर उतरलं की ‘मूळव्याध, भगंदर’ची पाटी दिसतेच. रक्त पडलं की माणूस मलम आणतो, तिखट बंद करतो, रात्री दुधात तूप घालून पितो. रक्त थांबतं. तीन महिन्यांनी परत पडतं. मूळव्याधीचं रक्त असंच येत-जात राहतं हे खरं. पण पॉलिपचं रक्तही नेमकं तसंच येतं-जातं. नुसतं रंगावरून दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही.

तासगावकडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. दोन वर्षं मलम लावत होते. मूळव्याध होतीच त्यांना, कुणी खोटं बोललं नव्हतं. पण त्याच्या वर, हातभर अंतरावर, देठाचा दोन सेंटिमीटरचा पॉलिपही होता. एका माणसाला दोन्ही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं एवढंच. पॉलिप त्याच दिवशी निघाला. गुरुजी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, “म्हणजे मलमाला उगाच नावं ठेवली मी.”

वय पंचेचाळीसच्या पुढं असेल, शौचाची सवय अलीकडं बदलली असेल, वजन घटत असेल, हिमोग्लोबिन कारण नसताना खाली आलं असेल, तर मलमावर दिवस काढू नका. आणि एक अडचणीची गोष्ट सांगते. लहान पॉलिप बहुधा काहीच त्रास देत नाही. ना दुखतं, ना रक्त येतं. दुसऱ्याच कारणासाठी तपासणी करताना तो अचानक सापडतो.

पोट फाडावं लागतं का?

नाही. बाहेर एकही टाका नसतो.

बोटाएवढी जाड, लवचिक नळी गुदमार्गानं आत जाते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. नळी आधी त्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत नेतात आणि खरं बघणं परत येताना होतं, हळूहळू, प्रत्येक घडीच्या मागं डोकावत. परतीच्या या प्रवासाला निदान सहा मिनिटं द्यायची असा दंडक आहे. घाईनं बाहेर काढलेली नळी म्हणजे सुटलेले पॉलिप.

पॉलिप दिसला की त्याच नळीतल्या बारीक वाटेनं तारेचा फास आत सरकवतात. मिरजेच्या माणसाला सांगायचं तर तंबोऱ्याच्या तारेसारखी बारीक तार, पण तिचा फास केलेला. फास पॉलिपवर टाकायचा, बुंध्याशी घट्ट करायचा आणि आवळत नेऊन कापायचा. एक सेंटिमीटरच्या आतला पॉलिप असेल तर हल्ली वीज न लावता नुसत्या फासानंच कापतात. थेंबभर रक्त येतं आणि आपसूक थांबतं. जाड देठ असेल तर तारेतून वीज सोडतात, म्हणजे कापता कापता रक्तवाहिनी भाजून बंद होते. पसरट पॉलिप असेल तर त्याच्या खाली सलाइन आणि निळा रंग टोचतात. अस्तर फुगून वर येतं, पॉलिप जणू उशीवर बसतो आणि खालचा स्नायू सुरक्षित राहतो. पडद्यावर तो निळा फुगवटा उमलताना बघणं हा माझ्या कामातला अजूनही आवडता क्षण आहे.

हे आज रोजचं काम झालंय, पण फार जुनं नाही. मोठ्या आतड्यात खोलवरचा पॉलिप अशा तारेच्या फासानं पहिल्यांदा काढला गेला तो १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये, डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांच्या हातून. त्याआधी एवढ्याशा मांसासाठी पोट उघडावं लागायचं.

दुखतं का? पूर्ण भूल देतात का?

कापताना दुखत नाही, कारण आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. कळतो तो ताण. आतडं फुगवलं, नळी वळणावर आली की कळ येते. त्यासाठी शिरेतून गुंगीचं औषध देतात. बहुतेकांना झोप लागते आणि जागं झाल्यावर ‘सुरू कधी करणार?’ असं विचारतात. त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत. ‘मी एकटाच आलोय, बुलेट खाली लावलीय’ म्हणणाऱ्याला आम्ही गुंगी देत नाही. सोबत माणूस हवाच.

आदल्या दिवशी काय खायचं? उपवासाचं चालतं ना?

उपवासाचं अजिबात चालत नाही! साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर शेंगदाणे असतात आणि आम्हाला नको असतो तो नेमका शेंगदाणाच.

तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा बंद करायचा. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, वांगं, टोमॅटो, पेरू, अंजीर, द्राक्षं, बेदाणे, तीळ, जवस हे सगळं नको. सांगलीच्या माणसाला भडंग सोडणं जड जातं, कळतं मला. पण दोन दिवसांचा प्रश्न आहे. कारळ्याची चटणी तर मुळीच नको. तो काळा दाणा आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो. ओढून घ्यायला गेलं तर नळीच्या बारीक वाटेत अडकतो आणि सगळं काम थांबवून मला ब्रश घालत बसावं लागतं. महाबळेश्वरकडून येणाऱ्यांनी स्ट्रॉबेरीबद्दल असंच समजावं.

चालतं काय? मऊ पांढरा भात, दही, ताक, साल काढून उकडलेला बटाटा, रव्याची खीर, इडली, साधा पाव. आदल्या दिवशी सकाळी हलकं खाऊन घ्यायचं. त्यानंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, भाताची गाळलेली पेज, वरणाचं वरचं पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि गुलाबाचं सरबत नको, कारण आत लाल दिसलं की रक्त की सरबत, असा गोंधळ होतो. लोहाच्या गोळ्या निदान पाच दिवस आधी बंद करा, नाहीतर सगळं काळं होतं.

ते औषधाचं पाणी पिववत नाही. अर्धंच प्यायलं तर?

अर्धं प्यायलं तर अर्धंच दिसेल. पॉलिप सुटतो तो बऱ्याचदा इथं.

आतडं साफ करायची जुलाबाची पावडर पाण्यात कालवून साधारण दोन लिटर होतं, काहींना जास्त लागतं. चव खारट-गुळचट, कुणालाच आवडत नाही. फ्रीजमध्ये गार करा, स्ट्रॉनं प्या, मधून लिंबाची फोड चोखा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. मळमळलं तर अर्धा तास थांबा, अंगणात फेऱ्या मारा, परत सुरू करा. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे, असं विभागून घेतल्यानं आतडं जास्त स्वच्छ होतं. जतहून पहाटेची गाडी धरणारे म्हणतात, ‘सगळं रात्रीच उरकतो.’ नका. जमलं तर आदल्या रात्री मिरजेत पाहुण्यांकडे मुक्काम करा.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? शेवटी शेवटी फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी पडायला हवं. गढूळ असेल तर मला फोन करा, लाजू नका. दिवसभर मी याच रंगांच्या चौकशा करत असते.

मागच्या वेळी गोड पाणी दिलं होतं, तेच घेऊ का?

ते बहुधा मॅनिटॉल असेल. पॉलिप काढायचा असेल तर नको. आतड्यातले जंतू ती साखर आंबवतात, त्यातून हायड्रोजन तयार होतो आणि तारेत वीज सोडताना ठिणगी पडली तर आत स्फोट होऊ शकतो. असं घडलेलं आहे, नुसती भीती घालत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. शुगरही आहे.

नाव नोंदवतानाच सांगा, टेबलावर आडवं झाल्यावर नको. ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात. वॉरफेरिन पाच दिवस आधी थांबवावी लागते आणि रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आयएनआर बघावा लागतो. क्लोपिडोग्रेल थांबवायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. नुकताच स्टेंट बसला असेल तर तपासणीच पुढं ढकलतात. स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. शेजाऱ्याची थांबवली होती म्हणून आपलीही थांबवणारे भेटतात.

शुगरवाल्यांनी उपाशीपोटी नेहमीची गोळी किंवा पूर्ण इन्सुलिन घेऊ नये, डोस विचारून कमी करून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर तीन दिवस आधी थांबवतात. तुमची वेळ सकाळची पहिली मागून घ्या.

लाज वाटते.

वाटणारच. मागून उघडणारा गाऊन असतो, अंगावर चादर असते आणि कुशीवर झोपवतात. स्त्री कर्मचारी हवी असेल तर नाव नोंदवताना सांगा, तसं करता येतं. बायका हा प्रश्न फोनवर विचारत नाहीत. नवऱ्याला बाहेर पाठवून मग हळूच विचारतात, म्हणून इथं लिहिलं.

धोका किती?

दोन धोके. एक रक्तस्राव. शंभरात एखाद्याला होतो आणि पॉलिप मोठा असेल तर शक्यता वाढते. तो लगेचही होतो आणि दहा-बारा दिवसांनी खपली सुटल्यावरही. बहुतेक वेळा परत नळी घालून क्लिप, म्हणजे बारीकसा चिमटा, लावली की थांबतो. दुसरा धोका आतड्याला छिद्र पडण्याचा. साधारण हजारात एखाद्याला, आणि त्याला कधीकधी ऑपरेशनही लागतं. संमतीपत्रावर हे दोन्ही लिहिलेलं असतं. सही करण्याआधी वाचा, वाचून झाल्यावर विचारा.

घरी कधी? कामावर कधी?

बहुतेक जण त्याच संध्याकाळी घरी जातात. पोटात वारा धरल्यासारखं होतं, तो सरला की बरं वाटतं. त्या दिवशी मऊ भात, दुसऱ्या दिवसापासून साधं जेवण. बारीक पॉलिप असेल तर दोन दिवसांत कामाला लागता येतं. मोठा असेल तर दोन आठवडे ओझं उचलू नका, पाठदुखीसाठी डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका आणि दवाखाना जवळ नसेल अशा ठिकाणी जाऊ नका. लोणंदपासून वारीत चालायचं ठरवलेल्या एका मावशींना याच कारणानं थांबवावं लागलं. त्या माझ्यावर अजून रागावलेल्या आहेत.

गाठी गाठींचं रक्त पडलं, चक्कर आली, पोट कडक होऊन दुखायला लागलं किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका. रात्री असेल तर १०८ ला फोन करा आणि ‘पॉलिप काढलाय’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा.

जठरात पॉलिप सापडलाय. तोही असाच काढतात?

रस्ता तोंडाचा, बाकी तसंच. फक्त सहा-आठ तास उपाशी राहायचं, जुलाबाचं पाणी नाही. जठरातले बरेच बारीक पॉलिप वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या घेण्यानं येतात आणि ते सहसा निरुपद्रवी असतात. काही हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळं आलेले असतात. जंतूचा उपचार केला की ते कधीकधी आपोआप विरतातही. जठर संपल्यावर लहान आतडं सुरू होतं तिथले, म्हणजे ड्युओडेनममधले, जास्त जोखमीचे. तिथली भिंत पातळ असते आणि रक्तवाहिन्या भरपूर.

चार वर्षांच्या मुलाला रक्त पडतंय. त्यालाही पॉलिप?

शक्य आहे. लहान मुलांत शौचाला न दुखता ताजं लाल रक्त पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. जुवेनाइल पॉलिप म्हणतात. कधी चेरीसारखं काही बाहेर डोकावतं आणि आजी घाबरून जाते. बहुधा एकच असतो, खालच्या बाजूला असतो आणि कॅन्सरशी त्याचा संबंध नसतो. मुलांना पूर्ण भूल देऊन काढतात. पाचापेक्षा जास्त निघाले तर मात्र घराण्यातला आजार आहे का हे बघावं लागतं.

रिपोर्टमध्ये ‘डिसप्लेझिया’ लिहिलंय. परत कधी यायचं?

अॅडिनोमाच्या रिपोर्टमध्ये ‘लो ग्रेड डिसप्लेझिया’, म्हणजे पेशींत थोडासा बदल, असतंच. त्यानं झोप उडवून घेऊ नका. ‘हाय ग्रेड’ असेल किंवा ‘व्हिलस’ शब्द असेल तर डॉक्टरांना लवकर भेटा.

परत तपासणी कधी हे संख्येवर आणि आकारावर ठरतं. अमेरिकेतल्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे, एक सेंटिमीटरपेक्षा लहान एक-दोन अॅडिनोमा असतील तर सात ते दहा वर्षांनी. पाच ते दहा निघाले, किंवा एखादा सेंटिमीटरभर किंवा मोठा असला, तर तीन वर्षांनी. दोन सेंटिमीटर किंवा मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला असेल तर सहा महिन्यांनीच. सफाई नीट झाली नसेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवा. तारीख लवकरची मिळते.

घरातल्या इतरांनी तपासून घ्यावं का?

आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांत जे लवकर येईल तेव्हा. वडिलांना ४८ व्या वर्षी झाला असेल तर तुम्ही ३८ व्या वर्षी. आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, आतड्याची होत नाही. त्यामुळं बोलावणं येईल म्हणून वाट बघू नका.

काढा, चूर्ण घेऊन विरघळेल का?

मोठ्या आतड्यातला अॅडिनोमा काढ्यानं, चूर्णानं विरघळत नाही. बिडी-सिगारेट, दारू सोडणं, वजन आवरणं, भाजी-भाकरी खाणं याचा उपयोग नवे कमी उगवण्यासाठी. मटणाचा रस्सा कायमचा सोडा असं मी सांगत नाही, सांगितलं तरी इकडं कोण ऐकणार? पण सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली कॅन्सरकारक ठरवलंय, एवढं लक्षात ठेवा.

खर्च?

एक आकडा सांगता येत नाही. नळीची तपासणी, फास, भूल, क्लिप आणि पॅथॉलॉजी यांची बिलं वेगवेगळी होतात. ‘पॉलिप निघाला तर किती वाढेल?’ असं आधीच विचारा. सरकारी रुग्णालयात खर्च बराच कमी येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. विमा असेल तर ‘डे-केअर’खाली येतं का बघा.

क्लिप आत राहिली तर?

काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे जाते. तोवर एमआरआय काढायचा झाला तर तिथं आधी सांगा.

काढलेला पॉलिप बघायला मिळतो का?

मिळतो, मागा. झाकणाच्या लहान बाटलीत, फॉर्मालिनमध्ये. काढल्यावर गुलाबी असतो, थोड्या वेळानं करडा पडतो. गुरुजींनी बाटली चष्मा लावून उजेडात धरली, हलवून बघितली आणि बायकोला दाखवली. त्या म्हणाल्या, “एवढ्याशासाठी दोन वर्षं मी बिनतिखटाचा स्वयंपाक केला?” बाटली घरी मात्र देत नाही, तिला पॅथॉलॉजीला जायचं असतं. रिपोर्ट साधारण आठवड्याभरानं येतो. घ्यायला दुपारी तीननंतर या, सकाळी मी आत असते.